वहीचा आकडा

नवरात्र बसले, की माझ्या भाचीच्या सासरी भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो. बडोद्यातील इतर मराठी घरांत तो दसऱ्यानंतर येतो. येथे थोडा आधी येतो, कारण या घरी फराळ केवळ घरापुरता होत नाही. तिच्या सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी शेजारच्या चार घरांना चकल्या करून देण्यास आरंभ केला. आज त्या उद्योगाने दहा-बारा स्त्रियांच्या हातांना काम दिले आहे. मागण्या बडोद्यातून येतात, तशा पुण्यामुंबईहूनही येतात. परदेशी गेलेली मुले आईवडिलांमार्फत डबे मागवितात ती निराळीच.

सासूबाईंचा सारा कारभार लाल कापडी बांधणीच्या एका वहीवर चाले. फोन आला, की नाव, पदार्थ, वजन आणि इसाराची रक्कम लिहावयाची. रात्री निजण्यापूर्वी बेरीज करून पानाखाली रेघ ओढावयाची. माझी भाची वाणिज्य शाखेची पदवीधर. तिने हा कारभार हळूहळू संगणकावर आणला आणि गेल्या वर्षी त्याला एक मॅक्रो जोडला. ‘मामा, आता एक बटण दाबले, की सगळे नियोजन आपोआप बाहेर पडते!’ असे तिने मला मोठ्या हौसेने सांगितले. जन्मभर हिशेबाच्या खात्यात कलम झिजविलेल्या माणसाला हे ऐकून कुतूहल वाटले नसते तरच नवल. दुसऱ्याच दिवशी मी तिच्याकडे गेलो.

मॅक्रो म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. संगणकावरील हिशेबाचे कोष्टक आता बहुतेक घरांत मुलेसुद्धा वापरतात. आडव्या ओळी, उभे स्तंभ आणि त्यांच्या छेदांवर घरे. घरात आकडा लिहा किंवा सूत्र लिहा. एका घरातील आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेली सारी घरे क्षणात बदलतात. परंतु उद्योगाचे नियोजन एका सूत्रात मावत नाही. आधी मागण्यांची बेरीज, मग तिच्यावरून कच्च्या मालाची यादी, मग भावाने गुणून खरेदीची रक्कम, मग मजुरीचे दिवस, मग कोणत्या आठवड्यात किती रोकड हवी याचा अंदाज, आणि शेवटी हाती असलेली शिल्लक वजा करून कर्ज किती काढावयाचे याचा आकडा. या साऱ्या पायऱ्या ओळीने एकदा लिहून ठेवावयाच्या, त्यांना एक नाव द्यावयाचे, आणि पुढे ते नाव उच्चारताच यंत्राने त्या सगळ्या चढून जावयाच्या, याला मॅक्रो म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लांब’ अथवा ‘मोठा’ असा आहे. आज्ञा एक, पण तिच्या पोटात आज्ञांची लांबलचक रांग.

आमच्या पिढीला ही कल्पना परकी वाटू नये. शाळेत आपण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकली ती कशासाठी? प्रत्येक वेळी गुणाकार मांडावा लागू नये म्हणून. कोणी तरी एकदा मेहनत करून ठेवली आणि आपण तिचे फळ जिभेवर बाळगले. मॅक्रो हीही तशीच तयार गणिताची पोथी आहे.

या कोष्टकाचा जन्मही नियोजनाच्याच पोटी झाला. १९७८ साली हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला प्रश्न पडला, की फळ्यावर मांडलेल्या हिशेबातील एक आकडा बदलला तर पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहिण्याचा खटाटोप का करावा? बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने ‘व्हिजिकॅल्क’ सिद्ध केले आणि १९७९ मध्ये ते बाजारात आले. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आले. त्यात कळा दाबण्याचा क्रमच कोष्टकाच्या घरांत लिहून ठेवता येई आणि एका खुणेच्या अक्षरावर तो पुन्हा चालविता येई. हिशेबनीस मंडळींना मॅक्रोची गोडी लागली ती तेथे. पुढे ‘एक्सेल’ १९८५ मध्ये मॅकिंटॉश यंत्रावर व १९८७ मध्ये ‘विंडोज’वर अवतरले, १९९३ मध्ये त्यात मॅक्रो लिहिण्यासाठी एक पूर्ण संगणकभाषाच आली. आज मोठे कारखाने नियोजनासाठी याहून अवाढव्य प्रणाली वापरतात. तथापि त्यांतही पायऱ्या लिहून ठेवणे आणि त्या पुन्हा पुन्हा चालविणे हेच काम असते.

आता त्या दिवसाची हकीकत. नवरात्राची तिसरी माळ होती. भाचीने माझ्यासमोर बटण दाबले. क्षणभर पडदा लुकलुकला आणि खरेदीची सुबक यादी छापून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाथीखान्यातील धान्याच्या व्यापाऱ्याकडे जावयाची होती, आणि तिच्यावरून ठरलेला कर्जाचा अर्ज पतपेढीत. जावईबापू शेजारी उभे होते. ते आईला म्हणाले, ‘आई, आता ती वही बंद कर. दोन ठिकाणी लिहिण्याचे श्रम कशाला?’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा चढविला, कागद हाती घेतला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग अगदी सहज विचारावे तसे त्यांनी मला विचारले, ‘मामा, दीडशेची सवायकी किती हो?’

‘एकशे साडेसत्त्याऐंशी,’ मी म्हणालो. इतक्या वर्षांनंतरही जीभ अडखळली नाही याचा मला थोडा अभिमानच वाटला.

‘यात भाजणी एकशे एकोणपन्नास किलो लिहिली आहे. आमच्या प्रमाणाने किलोभर भाजणीची सव्वा किलो चकली होते. म्हणजे या भाजणीत जेमतेम एकशे शहाऐंशी किलो चकली होईल. आणि माझ्या वहीत चकलीची मागणी दोनशे तीस किलो आहे. मग बाकीच्या चकल्या कशाच्या करावयाच्या?’

‘आई, वहीत एखादी मागणी दोनदा लिहिली गेली असेल,’ भाची म्हणाली. तिचे म्हणणे उद्धटपणाचे नव्हते. यंत्राची बेरीज चुकत नाही, हे तिचे म्हणणे खरेही होते.

आम्ही वही आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून नावे वाचावयास बसलो. पहिली तीस नावे तंतोतंत जुळली. एकतिसावे नाव दोन्हीकडे होते, बत्तिसावेही होते. सदतिसाव्यापर्यंत सगळी नावे दोन्हीकडे होती. मात्र यंत्राच्या बेरजेत तीसच नावे धरली होती. उरलेल्या सात घरांची चव्वेचाळीस किलो चकली पडद्यावर स्पष्ट दिसत असूनही हिशेबात नव्हती. आणि चकलीचे जे झाले, तेच चिवड्याचे, लाडवांचे, करंज्यांचे. खरेदी अपुरी, मजुरी अपुरी, कर्जही अपुरे. ऐन धनत्रयोदशीला सात घरी ‘तुमचा फराळ होऊ शकला नाही’ असे सांगण्याची पाळी आली असती. वीस वर्षांच्या शब्दाला तो बट्टा लागला असता.

चूक कोठे झाली होती? भाचीने मॅक्रो हाताने लिहिला नव्हता, तो ध्वनिमुद्रणासारखा नोंदवून घेतला होता. एक्सेलमध्ये तशी सोय आहे: नोंद सुरू करा, आपले काम एकदा हाताने करा, नोंद थांबवा, यंत्र तुमच्या प्रत्येक कृतीची आज्ञा लिहून ठेवते. ज्या दिवशी तिने हे केले त्या दिवशी मागण्या तीस होत्या आणि त्या पाचव्या ओळीपासून चौतिसाव्या ओळीपर्यंत लिहिलेल्या होत्या. भाचीच्या मनात होते, ‘सगळ्या मागण्यांची बेरीज कर.’ यंत्राने लिहून घेतले, ‘पाचव्या ओळीपासून चौतिसाव्या ओळीपर्यंत बेरीज कर.’ तिने अर्थ सांगितला, त्याला केवळ जागा कळली. नंतर सात मागण्या खाली वाढल्या, तरी यंत्र आपले प्रामाणिकपणे चौतिसाव्या ओळीशी थांबत राहिले.

भाचीचा चेहरा उतरला. ‘मला एवढेही समजू नये?’ असे ती म्हणाली, तेव्हा मी तिला दोन मोठ्या पंडितांची गोष्ट सांगितली.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे अमेरिकेतील नामांकित अर्थशास्त्रज्ञ. २०१० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रगत देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेले, त्यांची वार्षिक वाढ सरासरीने उणे ०·१ टक्का, म्हणजे शून्याच्याही खाली आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारांनी खर्चाला कात्री लावावी असे म्हणणाऱ्यांनी या निबंधाचा मोठा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करून पाहिले. त्याचे उत्तर जुळेना. त्याने लेखकांना विचारणा केली आणि त्यांनी आपले मूळ कोष्टक त्याला मोकळेपणाने पाठविले. त्यात वीस देश तिसाव्या ओळीपासून एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत मांडले होते. सरासरीचे सूत्र मात्र चव्वेचाळिसाव्या ओळीलाच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते. २०१३ साली हर्नडन आणि त्याचे दोन प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांनी नवे गणित मांडले, तेव्हा सरासरी वाढ २·२ टक्के निघाली. न्यायाने सांगावयाचे, तर या फरकातील मोठा वाटा काही वर्षांची माहिती वगळण्याचा आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीचा होता. ओळी गळण्याचा वाटा लहान होता. मूळ लेखकांनी कोष्टकातील चूक मान्य केली, आपला व्यापक निष्कर्ष मात्र सोडला नाही. तरीही भाचीच्या सात घरांची आणि त्या पाच देशांची जातकुळी एकच.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. २०२० च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी तेथील कोरोनाग्रस्तांच्या दैनंदिन आकड्यांतून १५,८४१ रुग्ण गळले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती कोष्टकाच्या जुन्या स्वरूपात भरली जात होती आणि त्या स्वरूपात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. डबा भरला, वरचे सांडले, आणि सांडल्याचा आवाज झाला नाही. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्याचे काम तेवढे दिवस लांबले.

या तिन्ही ठिकाणी यंत्राने सांगितले ते चोख केले. हातच्या हिशेबात माणूस अडखळतो, पुन्हा पाहतो, आणि त्या पाहण्यात चूक सापडते. मॅक्रो अडखळत नाही. म्हणून त्याच्या वाटेत अडखळण्याच्या जागा मुद्दाम ठेवाव्या लागतात. जुने कारकून त्यालाच ताळा पाहणे म्हणत.

त्या रात्री आम्ही तिघे बसलो आणि मॅक्रो नव्याने रचला. जे केले ते येथे लिहितो. घरच्या उद्योगाचा हिशेब ठेवणाऱ्या वाचकांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, गृहीते वेगळ्या पानावर आणली. भाजणीचे सव्वापट प्रमाण, तेलाचा भाव, एका बाईची दिवसाची मजुरी, हे सारे आकडे भाचीने मॅक्रोच्या पोटात लिहून टाकले होते. तांदूळ बदलला आणि प्रमाण बदलले, तर ते कोणाला सापडले असते? आता प्रत्येक गृहीताला स्वतःचे घर आहे, शेजारी त्याचे नाव आणि तो आकडा कोणत्या दिवशी ठरविला ती तारीख आहे. त्यामुळे तेलाचा भाव दहा टक्क्यांनी चढला तर काय होईल, हेही एक आकडा बदलून पाहता येते.

दुसरी, ओळींच्या क्रमांकांऐवजी नावे घातली. मागण्यांच्या यादीला एक्सेलमधील ‘टेबल’चे रूप दिले आणि तिचे नाव ‘मागण्या’ असे ठेवले. खाली नवी ओळ लिहिली, की ती त्या नावात आपोआप सामावते. मॅक्रो आता ‘मागण्या’ची बेरीज करतो; त्या तीस आहेत की तीनशे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट व्याजाची. पतपेढीचे व्याजही कर्जातूनच भरावयाचे असे भाचीने योजिले होते. म्हणजे कर्जावरून व्याज आणि व्याजावरून कर्ज. यंत्र आपल्याच शेपटीमागे धावू लागे आणि वर्तुळाची तक्रार करी. हे वर्तुळ यंत्राला पुन्हा पुन्हा फिरवून सोडविता येते, परंतु त्यात चूक लपली तर सापडणे कठीण. साध्या बीजगणिताने ते मुळातूनच सुटते. लाख रुपये हाती हवेत आणि वार्षिक बारा टक्क्यांनी दोन महिन्यांचे व्याज दोन टक्के होते, तर लाखाला ०·९८ ने भागावे. १,०२,०४१ रुपये हे उत्तर. दोन टक्के वाढवून १,०२,००० धरले असते, तर एक्केचाळीस रुपये कमी पडले असते. रक्कम किरकोळ, पण सवय चुकीची.

चौथी, मॅक्रो चालविण्यापूर्वी फाइलची प्रत काढून तिच्या नावात तारीख घालण्याचा नियम केला. कारण एक्सेलमध्ये मॅक्रोने केलेला बदल नेहमीच्या ‘मागे घ्या’ या सोयीने सहसा परतविता येत नाही. त्याच ओघात एक सावधगिरीही सांगितली: परक्याने पाठविलेल्या फाइलमधील मॅक्रो चालू देऊ नये. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा विषाणू पत्रांसोबतच्या मॅक्रोमधूनच जगभर पसरला होता. म्हणूनच २०२२ पासून महाजालावरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवून ठेवण्यास आरंभ केला.

पाचवी गोष्ट मात्र मला सुचली नव्हती, ती भाचीला सुचली. तिने पहिल्या पानावर एक पिवळे घर केले आणि त्यावर लिहिले, ‘वहीचा आकडा’. मॅक्रो सुरू होताच तो त्या घरात पाहतो. सासूबाईंच्या वहीतील एकूण वजन आणि यंत्राची बेरीज जुळली, तरच पुढे जातो; न जुळली, तर थांबतो आणि किती किलोंचा फरक आहे ते सांगतो. घर रिकामे असले, तरीही थांबतो. हिशेबशास्त्रात असे दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे भिडविण्याची रीत फार जुनी आहे. अट एवढीच, की दोन्ही वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. यंत्रातील यादी पाहून वही लिहिली, तर तो ताळा उरत नाही. तिला केवळ नक्कल म्हणता येईल. म्हणून फोन सासूबाईंनीच घ्यावयाचे, वही त्यांनीच लिहावयाची, आणि बेरीज झाल्यावरच आकडा सुनेला सांगावयाचा, असे ठरले.

जावईबापूंनी वही बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. सकाळी खरेदीची नवी यादी हाथीखान्यात गेली. तीत भाजणी १८४ किलो होती. मी मनातल्या मनात तिची सवायकी केली, बरोबर २३० भरली. सदतीसही घरी फराळ वेळेवर पोहोचला आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर लाल वही दरवर्षीप्रमाणे मांडली गेली.

यंदा सासूबाईंच्या डोळ्यांचे काम निघाल्याने वही लिहिण्यास भाचीची धाकटी नणंद बसते. त्या सांगतात आणि ती लिहिते. भाचीने मात्र निराळेच मनावर घेतले आहे. दुपारी काम आटोपले, की ती सासूबाईंकडे पाढे शिकते. सवायकी झाली, दिडकी झाली. परवा तिचा फोन आला, ‘मामा, औटकी काही केल्या माझ्या तोंडी बसत नाही हो!’

‘बसेल, बसेल,’ मी म्हणालो. ‘आम्हांलाही ती मार खाऊनच आली.’